आजी दार लावत नाही

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक गुरुदास सर, 'अक्षरपूल' संस्थेचे संचालक आणि एके काळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारे जितेंद्र, व्यासपीठावरचे इतर मान्यवर पाहुणे, समोर बसलेले आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी, आणि हातातली कामं टाकून वेंगुर्ल्याच्या या सभागृहात आलेल्या बंधुभगिनींनो,

आत्ताच सूत्रसंचालकांनी जाहीर केलं, की विमलाबाई मनोगताचे दोन शब्द बोलतील. मनोगत म्हणजे मनातलं. मनातलं बोलायचं आणि तेही दोन शब्दांत, हे काही मला जमणार नाही. तेव्हा ज्या पाहुण्यांना कुडाळला गाडी पकडायची असेल त्यांनी खुशाल उठावं, मी रागावणार नाही. जितेंद्रने मात्र उठू नये.

प्रथम शालीबद्दल आभार, श्रीफळाबद्दल आभार. या काचेच्या होडीबद्दलही आभार, फक्त ती वाटेत फुटू नये म्हणून कुणीतरी वर्तमानपत्रात गुंडाळून द्यावी. गुरुदास सर माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. 'बाईंनी स्वतःपेक्षा संस्थेला नेहमी मोठं मानलं,' असं म्हणाले. सर, तुमचा मोठेपणा. पण हे वाक्य तुम्ही प्रत्येक निरोपाला म्हणता. आपल्या चित्रकलेच्या सरांच्या निरोपालाही म्हणाला होतात, आणि ते तर तेव्हा संस्थेशी कोर्टात भांडत होते. हसा, हसा. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

निमंत्रणपत्रिका आपण सर्वांनी वाचली असेल. तिच्यावर छापलंय, 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती घेत असलेल्या'. मंडळी, माझी प्रकृती ठणठणीत आहे. काल दुपारी मी सुरमईच्या दोन तुकड्या खाल्ल्या आणि वर सोलकढी प्यायले. ऑफिसचा जिना मी आमच्या तरुण प्रीतमच्या आधी चढते. राहता राहिली स्वेच्छा. तर ती कुणाची, हेच सांगायला मी उभी आहे.

पाहुण्यांपैकी काहींना अजूनही नीट माहीत नसेल, की त्या जुन्या काजूच्या कारखान्याच्या माडीवर बसून आम्ही करतो तरी काय. गावात आमच्या ऑफिसला 'चायनाचा ऑफिस' म्हणतात. आमचा रिक्षावाला बाबली रोज सकाळी मला विचारतो, 'बाई, चायनाक सोडू मां?' एकदा तर त्याने मला मोबाईलचा चार्जर आणून दाखवला आणि म्हणाला, 'ह्यो तुमच्याकडचोच मां? दोन दिवसात जळलो.' त्याला मी काय सांगणार? आम्ही चार्जर करत नाही रे बाबा, आम्ही उतारे करतो.

चिनी भाषा बोलणारी माध्यमिक शाळेतली मुलं, कुणी तैवानातली, कुणी मलेशियातली, त्यांच्या इंग्रजी वाचनाच्या सरावासाठी आम्ही उतारे लिहितो. एक उतारा, त्याखाली पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. तेरा ते पंधरा वर्षांची मुलं. त्यांनाही आपल्या दहावीसारखी एक परीक्षा असते, त्यांच्याही आया रात्री दूध घेऊन उशाशी उभ्या राहतात. त्यांच्या बोलण्यात 'तो' आणि 'ती' यांचा उच्चार एकच, म्हणून इंग्रजी वाचताना त्यांची गल्लत होते. क्रियापद काळाप्रमाणे बदलायची त्यांना सवय नाही. आपण म्हणतो 'काल आलेला पाहुणा', तेही तसंच म्हणतात. इंग्रजी मात्र पाहुण्याला आधी आणून बसवतं आणि तो काल आला हे मागून सांगतं. तिथे ती मुलं अडखळतात. आणि आपलीही अडखळतात. म्हणून मला ती मुलं कधी परकी वाटली नाहीत. न बघितलेल्या पोरांवर जीव लागतो, हे मला या नोकरीत कळलं.

नियम भरपूर. देव नको, भूत नको, दारू नको, मरण नको, निवडणूक नको. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आम्ही लिहायचो आणि ते 'फिश सूप' होऊन जायचं. आमच्या उताऱ्यांतल्या पोरांची नावं एमा आणि लिओ. माझ्या हातून किती एमा मिठबावच्या किनाऱ्यावर शिंपले वेचून गेल्या, त्याची गणती नाही. या सगळ्या नियमांच्या वर एक मोठा नियम, जो जितेंद्रने फ्रेम करून भिंतीवर लावलाय. 'उत्तर उताऱ्यातच सापडलं पाहिजे.' म्हणजे वाचणाऱ्याने आपल्या मनाचं काही आणायचं नाही, समोर जे लिहिलंय तेच बघायचं. उत्तम नियम आहे. आज मी बोलताना तोच पाळणार आहे.

आता अक्षयाविषयी.

मघाशी जितेंद्रने आपल्या भाषणात 'अक्षरपूल हे एक कुटुंब आहे' असं सांगितलं आणि कुटुंबातली जी पाखरं उडून गेली त्यांत अक्षयाचं नाव घेतलं. ती 'पुण्याला अधिक चांगल्या संधीसाठी' गेली म्हणे. टाळ्याही पडल्या. अक्षया पुण्याला गेलेली नाही. ती मिठबावला आपल्या घरी आहे आणि तिथल्या हायस्कूलच्या समोर झेरॉक्सच्या दुकानात बसते. इंग्रजीत एम.ए. झालेली, मीच आमच्या माडीवर आणलेली आणि तिथे सर्वांत चांगलं लिहिणारी मुलगी, पोरांच्या जातीच्या दाखल्यांच्या प्रती काढते. संधी चांगलीच आहे, सावलीत बसायला मिळतं.

झालं काय, तर अक्षयाने एक उतारा लिहिला. इंग्रजीत होता, मी मराठीत सांगते. पहाटेची वेळ. आजोबा जाळं खांद्यावर टाकून समुद्रावर निघतात. आजी त्यांच्या हातात डबा देते. सून अंगण झाडते आहे, शेजारी विहिरीवर पाणी काढतो आहे. आजोबा या सगळ्यांच्या समोरून चालत जातात. 'कुठे निघालात?' असं त्यांना एकही माणूस विचारत नाही. आजोबा माडांच्या पलीकडे दिसेनासे होतात. आजी दार लावत नाही. संपला उतारा.

आणि प्रश्न असा, की आजोबांना कुणीच 'कुठे निघालात?' असं का विचारत नाही? पर्याय ए, सगळे त्यांच्यावर रागावले आहेत. पर्याय बी, सगळे झोपले आहेत. पर्याय सी, त्यांची कुणालाच पर्वा नाही. पर्याय डी, ते सुखरूप परत यावेत असं सगळ्यांना वाटतं.

या सभागृहात उत्तर सांगायची गरज आहे का? तुमच्यातल्या प्रत्येकाने लहानपणी यावरून धपाटा खाल्लाय. बाप होडीवर निघाला, आई बाजाराला निघाली, काका मुंबईला निघाला, की 'खंय चललास?' विचारायचं नाही. विचारलं की काम फिसकटतं, माणूस अडतो. फार तर 'लांब?' म्हणायचं आणि गप्प बसायचं. आपल्याकडे हे कुणी पुस्तकातून शिकवत नाही, ते आपल्या अंगातच असतं. अक्षयाच्याही होतं. तिचे आजोबा असेच जायचे आणि तिची आजी राधाबाई अशीच उभी राहायची. तिने उत्तर डी धरलं. उतारा तपासणाऱ्या दुसऱ्या वाचकाने डी धरलं. शेवटची सही माझी, मीही डी धरलं. इतकं उघड होतं की आमच्यापैकी एकालाही थांबून विचारावंसं वाटलं नाही, ही रीत त्या मुलांना कशी कळणार?

त्यांना नाहीच कळली. सराव परीक्षेत दहातल्या सात मुलांनी सी लिहिलं. त्यांची कुणालाच पर्वा नाही. मुलांचे मार्क गेले, पालक चिडले, आमचे उतारे विकत घेणाऱ्या तिकडच्या कंपनीने जितेंद्रला फैलावर घेतलं. 'उताऱ्यात पुरावा नाही. जबाबदार माणूस कोण?' असं विचारलं.

मी त्यांना ईमेल लिहिली. प्रश्न मुलांसाठी अवघड होता हे मान्य केलं. तो काढा, मार्क परत द्या, आम्ही नवीन उतारा फुकट देतो, असं म्हटलं. पण पुरावा नाही हे मी मान्य केलं नाही. पुरावा आहे. शेवटचं वाक्य आहे. आजी दार लावत नाही. ज्या माणसाची पर्वा नसते त्याच्या पाठीमागे दार उघडं ठेवून पहाटेच्या गारठ्यात कोण उभं राहतं? आणि शेवटची सही माझी आहे, तेव्हा जबाबदार माणूस हवाच असेल तर मी आहे, असंही खाली लिहिलं.

जितेंद्रने ती ईमेल पाठवू दिली नाही. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. अदबीने बोलावलं, तेवढं खरं. स्वतः उठून खुर्ची दिली. म्हणाला, 'बाई, कंत्राट गेलं तर सगळ्या माडीची चूल विझेल. तुमचं नाव त्यांच्या कराराच्या कागदात आहे, तुम्हाला हात लावता येत नाही. अक्षया नवीन आहे. तिने तुम्हाला न दाखवता परस्पर पाठवलं, एवढं फक्त लिहून द्या.'

जितेंद्र, तू नववीत असताना तुझ्या उताऱ्याची उत्तरं शेजारच्या बाकावरून यायची, हे मला माहीत होतं. तेव्हा मी तुला कोपऱ्यात उभं करून एकच गोष्ट सांगितली होती. चूक लिहिलंस तरी चालेल, पण स्वतःचं लिही. माझ्या आयुष्यातल्या शिकवण्यापैकी किती वाया गेलं, याचा अंदाज मला त्या केबिनमध्ये आला. मी लिहून दिलं नाही. नाही म्हणाले आणि माझ्या भाचीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस कोल्हापूरला गेले. मला वाटलं, मी नाही म्हटलंय म्हणजे विषय मिटला. शिक्षकाला आपला शब्द फार मोठा वाटतो, चाळीस पोरं उठून उभी राहतात ना!

परतताना फोंडाघाटात चहाला थांबलो. तिथे फोनला रेंज आली आणि अक्षयाचा मेसेज दिसला. 'बाई, माका काढल्यानी.'

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात न येता मिठबावला गेले. तिला काढलं त्या दिवशी माडीवर काय घडलं ते अक्षयाने ओट्यावर बसून मला सांगितलं. मी तिचेच शब्द सांगते, कारण हे इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या देखत घडलंय आणि त्यांनी ते ताडून पाहावेत.

'बाई, सरांनी पाच मिन्टांत सांगल्यानी. मी भायर ईलंय, खण रिकामो केलंय. डबो, छत्री, डिक्शनरी. सगळी थयच होती. कोणी वर बघूक नाय. मी एकेकाच्या टेबलाकडसून चलत गेलंय. माका वाटला, कोणतरी इचारतला, खंय चललंस गो? कोणी इचारूक नाय. मी भायर पाय टाकलंय आणि मागसून दार लावन घेतल्यानी. एसी चालू व्हतो मां.'

एवढं सांगून ती हसली. मला ते हसणं बघवलं नाही.

राधाबाई आतून आल्या. मला वाटलं पाणी देतील. त्यांनी पाणी दिलंच, पण तांब्या ठेवता ठेवता म्हणाल्या, 'तुमीच तिका ह्या इंग्लिशाच्या नादाक लावलात. आता वाचून काय करतला ता चेडू?' मी तशीच उठले. चार वाजताची एसटी होती. थांब्यावर जायला निघाले तेव्हा राधाबाईंनी मला काही विचारलं नाही, रागाने नाही आणि लोभाने नाही. वळणावर मी मागे बघितलं. दार उघडं होतं आणि त्या दारात उभ्या होत्या. माझ्यावर रागावलेली बाई, मंडळी! तरी त्या दारातच उभ्या होत्या.

पुढचं थोडक्यात. मी परत येऊन जितेंद्रला सांगितलं, अक्षयाला बोलव. त्याने मला सांगितलं, बाई, तुम्ही आता आराम करा. त्यानंतर माझी प्रकृती बिघडल्याचं मला निमंत्रणपत्रिकेवरून कळलं.

म्हणून आज, सर्वांच्या देखत, माझी एकच मागणी आहे. शाल नको, होडी नको. उद्यापासून माझी खुर्ची रिकामी आहे. खिडकीजवळची, जिथून बंदर दिसतं ती. ती अक्षयाला द्या. तिकडच्या कंपनीला काय सांगायचं ते सांगा, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला होता म्हणून सांगा, पत्रिकेत नाहीतरी अर्धं छापलेलंच आहे. त्यांना जबाबदार माणूस हवा होता, तो आज शाल पांघरून जातोय. मग ती पोरगी बाहेर का? जितेंद्र, मी तुला विचारतेय. सर्वांच्या समोर विचारतेय. होय किंवा नाही, दोनच पर्याय आहेत.

फोनमध्ये बघतोयस. बघ. मी थांबते.

बरं.

गुरुदास सर, तुमची चिठ्ठी मिळाली. 'वेळ झाली' असं लिहिलंय. माडीवरच्या नऊ वर्षांचा निरोप आहे, आणखी थोडा वेळ द्या, मी आवरतेच.

सहकाऱ्यांनो, तुमच्याशी बोलायचं राहिलं. तुम्ही वाईट माणसं नाहीत. रसिका, माझ्या गुडघ्याला तूच तेल आणून दिलं होतंस. प्रीतम, तू दाराजवळ बसतोस, दार तू लावलंस. मान वर कर, मी तुला फाडून खाणार नाही. तुमच्यातल्या काहींनी मला नंतर एकेकटं गाठून सांगितलं, 'बाई, निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये ना, म्हणून आम्ही गप्प बसलो.' किती सोयीची रीत सापडली! ती रीत समुद्रावर जाणाऱ्यासाठी आहे रे, ज्याने संध्याकाळी टोपली भरून परत यावं त्याच्यासाठी. जिला हाकललंय, जिला परत यायचा रस्ताच नाही, तिला विचारायचं असतं. ओरडून विचारायचं असतं. खंय चललंस, आमका सोडून खंय चललंस, असं विचारायचं असतं. तसं एकाने विचारलं असतं तर जितेंद्रला केबिनमधून बाहेर यावं लागलं असतं. तीस माणसांनी विचारलं असतं तर आज हा समारंभ झाला नसता.

आता आपला मोठा नियम लावा. उत्तर उताऱ्यातच सापडलं पाहिजे. उतारा असा. एक मुलगी डबा, छत्री आणि डिक्शनरी घेऊन सगळ्यांच्या समोरून चालत जाते. तिला कुणी काही विचारत नाही. ती बाहेर पडते. दार लागतं. सांगा, कुणीच का विचारलं नाही?

मी आयुष्यभर डीवर सही करणारी बाई. पण इथे मला डीचा पुरावा कुठे सापडत नाही. त्या दूरच्या मुलांनी, ज्यांनी आपलं गाव बघितलं नाही, माड बघितले नाहीत, त्यांनी सी लिहिलं. अक्षयाचा उतारा त्यांनी चुकीचा वाचला. पण आपल्याला बरोबर वाचलं. त्यांचे मार्क त्यांना परत मिळाले असं ऐकते. योग्यच झालं.

आता रीतीप्रमाणे. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला थांबवायला चिठ्ठीच पाठवली, माणूस पाठवला नाही. पाहुण्यांचे आभार, कुडाळची गाडी त्यांनी चुकवली. संस्थेचे आभार, तिने मला इतकी परकी मुलं दिली. बोलताना माझी जीभ कुठे जास्त चालली असेल, कुणाच्या चहाची चव गेली असेल, तर बाई म्हणून पोटात घाला. आणि जे बोलायचं राहून गेलं त्याबद्दलही माफ करा, ते याहून कडू होतं.

मी आता खाली उतरेन. चपला दाराशी आहेत. बाबली बाहेर उभा आहे, पण आज मी वळणापर्यंत चालत जाणार आहे. गेले पंधरा दिवस मी सगळ्यांच्या समोरून ये-जा करते आहे आणि उद्यापासून मी कुठे जाणार, काय करणार, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. तुमच्यातल्या एकाने तरी विचारावं. मोठ्याने विचारावं, 'बाई, खंय चललास?' अपशकुन झाला तर तो माझा, मी बघून घेईन.

आणि तेवढंही जमत नसेल तर एक करा. मी वळणावर पोचेपर्यंत दार उघडं ठेवा. सभागृहात एसी चालू आहे, ते मला दिसतंय.